मुखपृष्ठाची पारख

नियतकालिकाचे मुखपृष्ठ वाचणे हा आता शाळेत गुण मिळवून देणारा अभ्यास झाला आहे. व्यापारी घरातील मुलांना तो परका वाटण्याचे कारण नाही. दुकानाची दर्शनी बाजू कोणासाठी आणि कशी मांडतात, हे ती पाळण्यापासून पाहत आली आहेत.

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर आटगाव मागे पडले की काही वेळात खर्डी येते. जवळून मुंबई–नाशिक महामार्ग जातो. सभोवार भातशेती, डोंगर आणि आदिवासी पाडे. किराणा, कापड, भांडी, लोखंड, सिमेंट अशा दुकानांची छोटी बाजारपेठ या साऱ्या परिसराचा बाजारहाट सांभाळते. अशा गावातील जुन्या दुकानांत एके काळी रद्दी किलोने येत असे. गठ्ठा सुटला की दुकानदाराचा हात सवयीने एक काम करी: नियतकालिकांची गुळगुळीत मुखपृष्ठे बाजूला काढी. पुडी बांधायला तो कागद सोयीचा नसे. घडी नीट बसत नसे, दोरा सरकत असे. बाजूला पडलेली ती मुखपृष्ठे मग मुलांच्या वह्यांना चढत, फळीवर अंथरली जात, नाही तर गल्ल्यामागच्या भिंतीवर वर्षानुवर्षे चिकटून राहत. आतला मजकूर जिरे-मोहरीबरोबर घरोघर पांगून जाई आणि दुकानात उरे तो फक्त चेहरा.

त्या चेहऱ्याकडे रोज पाहणारी मुले त्याला कधी प्रश्न विचारत नसत. हा चेहरा कोणी निवडला? कोणासाठी निवडला? याच्या जागी दुसरा का नाही? हे प्रश्न विचारायला शिकवणे, हेच आज अनेक शाळांत माध्यम-अभ्यासाचे काम मानले जाते.

अभ्यासक्रमात मुखपृष्ठ

इंग्लंड आणि वेल्समध्ये सोळाव्या वर्षी द्यावयाच्या शालान्त परीक्षेत माध्यम-अभ्यास हा ऐच्छिक विषय आहे. तेथील एका परीक्षा मंडळाने नेमलेल्या माध्यमकृतींत नियतकालिकांच्या मुखपृष्ठांचा समावेश केला. मलाला युसुफझाई हिचे छायाचित्र असलेले ब्रिटिश 'व्होग'चे जुलै २०२१ चे मुखपृष्ठ आणि फुटबॉलपटू रहीम स्टर्लिंग याचे 'जीक्यू'चे ऑगस्ट २०१९ चे मुखपृष्ठ ही त्यांतील दोन. एखादी कविता अभ्यासावी, तितक्याच गांभीर्याने मुले ही पाने अभ्यासतात. मलालाच्या मुखपृष्ठावर ओढणी लाल, वेश लाल आणि पार्श्वभूमीही लाल आहे. फॅशनच्या नियतकालिकाने डोक्यावर ओढणी घेतलेली, शिक्षणाच्या हक्कासाठी गोळी झेललेली तरुणी पहिल्या पानावर का आणली, तिला कसे बसवले, कसे पाहायला लावले, हे उत्तरात मांडायचे असते.

आपल्याकडे केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीत 'मास मीडिया स्टडीज' हा विषय घेता येतो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या मराठीच्या पुस्तकांत हीच दृष्टी 'उपयोजित मराठी'च्या वाटेने आली आहे. दहावीत जाहिरातलेखन आणि बातमीलेखन आहे. बारावीत मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख आहेत. माहितीपत्रकाचे पहिले पान कसे असावे, याचा विचार करणारा विद्यार्थी मुखपृष्ठाच्याच विचारात असतो. तेव्हा शाळेने 'एखाद्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठाचे विश्लेषण करा' असा उपक्रम दिला, तर घरच्यांनी त्याला कात्रणे चिकटवण्याचे हस्तकाम समजू नये.

दर्शनी बाजूचा हिशेब

मुखपृष्ठावर मोजकेच घटक असतात. पण त्यांतला एकही फुकट जागा अडवत नाही. सर्वांत वर नाममुद्रा, म्हणजे नियतकालिकाचे नाव ठरावीक अक्षरवळणात. दुकानाच्या पाटीसारखीच ती वर्षानुवर्षे बदलत नाही, कारण ग्राहकाची ओळख तिच्याशी जुळलेली असते. 'टाइम' साप्ताहिकाने १९२७ पासून लाल चौकट सांभाळली आहे. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर तिने ती काळी केली, तेव्हा एका शब्दावाचून वाचकाला सुतक कळले. नेहमीची गोष्ट नेहमी तशीच ठेवली म्हणूनच ती एकदा बदलण्याला अर्थ आला. पेढीवरच्या जुन्या पाटीचे मोल व्यापाऱ्याला ठाऊक असते, ते हेच.

नाममुद्रेखाली मुख्य चित्र. त्यात माणूस असेल तर तो सरळ वाचकाकडे पाहतो की दुसरीकडे, याला महत्त्व असते. समोर रोखलेली नजर गिऱ्हाइकाला 'या, बसा' म्हणते. वळवलेली नजर त्याला दुरून पाहणारा करते. चित्राच्या अंगाने आतल्या लेखांचे मथळे येतात. कोणता मथळा मोठा, कोणता बारीक, कोणता पिवळ्या पट्टीत, यावरून संपादकाला कोणता माल आधी खपवायचा आहे, ते कळते. मग दिनांक, अंक, किंमत. किंमत ठळक छापली असेल तर तीच आमिष असते. बारीक छापली असेल तर ग्राहकाने ती शेवटी पाहावी अशी इच्छा असते. कोपऱ्यात बारकोड. दुकानातील बहुतेक भारतीय मालावर ८९० ने सुरू होणारा क्रमांक असतो. नियतकालिकांच्या बारकोडचा आरंभ जगभर ९७७ ने होतो. दुकानात बसणाऱ्या मुलाला हा फरक दाखवला, तर तो शाळेत चार मुलांना सांगेल.

या सगळ्या घटकांमागे पैशाचे गणित असते. पूर्वी धातूच्या ठशांवर छपाई होत असताना रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा लागे. ठशाचा आकार वाढला की खर्च वाढे. त्यामुळे अनेक मासिकांत रंग दिसे तो मुखपृष्ठावरच. आत सारे काळेपांढरे. मुखपृष्ठ हा अंकातील सर्वांत महाग कागद होता. महाग जागेवर मालक काय ठेवतो, यावरून दुकान ओळखावे.

मराठी मुखपृष्ठाची वाट

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये 'मनोरंजन' मासिक सुरू केले आणि १९०९ मध्ये मराठीतील पहिला दिवाळी अंक काढला. त्यानंतर दिवाळी आणि मुखपृष्ठ यांचे नाते जडले ते कायमचे. फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवायचा, पाहुण्याने तो सहज उचलावा, नवविवाहितेच्या घरी तो भेट म्हणून जावा, अशी ही वस्तू. ती देखणी असणे भागच होते.

व्यापारी वाचकांना 'किर्लोस्कर'ची कथा विशेष जवळची वाटेल. १९२० मध्ये ते 'किर्लोस्कर खबर' या नावाने निघाले, ते कारखान्याचे पत्र म्हणून. नांगर आणि चरक बनवणाऱ्या उद्योगाची वार्ता ग्राहकांपर्यंत पोहोचवावी, हा त्याचा मूळ हेतू. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकार होते. मालाच्या माहितीपत्रातून विचारांचे मासिक घडले. पुढे ऑगस्ट १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' त्याच घरातून निघाले. एकाच प्रकाशनाची ही तीन मासिके तीन वेगळ्या वाचकांसाठी होती. 'स्त्री' या दोन अक्षरी नावातच वाचक ठरलेला होता. मुखपृष्ठाचे पहिले काम, म्हणजे 'हे तुमच्यासाठी आहे' असे सांगणे, नाममुद्रेनेच उरकले होते.

त्यानंतर मराठी घरांच्या भिंतींवर राज्य केले ते दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी. दोघेही गोव्याचे. दलाल यांचा जन्म १९१६ मध्ये मडगावला, मुळगावकर यांचा १९१८ मध्ये अस्नोड्याला. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला. मुळगावकरांनी 'रत्नप्रभा'सारखे अंक काढले. चित्रकार स्वतः मालक झाला, तेव्हा मुखपृष्ठ आतील मजकुराची सेवा करण्याऐवजी अंकाचे मुख्य आकर्षण ठरले. हातात दिवा घेतलेली, नऊवारी नेसलेली, प्रकाशाने चेहरा उजळलेली स्त्री त्या काळच्या मुखपृष्ठांवरून इतकी फिरली, की दिवाळी म्हटले की तीच डोळ्यांसमोर उभी राहू लागली.

या सौंदर्याला छेद देणारे हातही निघाले. मधुकर पाटकर यांचा 'आवाज' १९५१ पासून निघू लागला आणि आपल्या खिडकीचित्रांनी गाजला. कापलेल्या खिडकीतून काही तरी चावट दिसल्याचा भास व्हायचा. पान उलटले की तेथे निरागस देखावा असायचा आणि वाचकाला आपल्याच नजरेचे हसू यायचे. चौकट कापली की अर्थ बदलतो, हा माध्यम-अभ्यासातला मूलभूत धडा. मराठी वाचकाने तो दिवाळीच्या फराळाबरोबर गिरवला आहे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या 'ललित' मासिकाच्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे वसंत सरवटे यांनी दीर्घकाळ रेखाटली. पेशाने स्थापत्य अभियंता असलेल्या या व्यंगचित्रकाराने सुंदर चेहऱ्याऐवजी पुस्तके, लेखक आणि वाचक यांचीच गंमत पहिल्या पानावर मांडली. अंक वाङ्मयाचा, तर चेहराही वाङ्मयाचाच.

मुलांसाठी सांगायचे तर 'किशोर' हे बालभारतीचे मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक आज मोबाइलवर विनामूल्य पाहता येतात. खर्डीच्या विद्यार्थ्याला मुंबईच्या ग्रंथालयात जाण्याची गरज नाही. एकाच मासिकाची १९७१ नंतरची, दहा-दहा वर्षांच्या अंतराने निवडलेली पाच मुखपृष्ठे शेजारी ठेवली, तरी उपक्रमाला पुरेल एवढा ऐवज हाती येतो: मुलांचे कपडे, खेळ, मुलगे आणि मुली किती, शहर किती आणि गाव किती.

दिसते ते आणि सुचते ते

मुखपृष्ठाच्या चिकित्सेचे सर्वांत गाजलेले उदाहरण फ्रान्समधील आहे. विचारवंत रोलां बार्थ केशकर्तनालयात बसला असता त्याच्या हाती 'पारी मॅच' या साप्ताहिकाचा १९५५ मधील एक अंक आला. मुखपृष्ठावर फ्रेंच गणवेशातील एक कृष्णवर्णीय मुलगा डोळे वर करून सलाम करताना दिसत होता. बार्थने विचार केला: दिसते ते एवढेच की एक सैनिक सलाम करतो आहे. सुचवले जाते ते मात्र मोठे आहे. फ्रान्स हे थोर साम्राज्य आहे, त्याची सर्व वर्णांची लेकरे त्याच्या ध्वजाखाली निष्ठेने उभी आहेत आणि साम्राज्यावर जुलमाचा आरोप करणाऱ्यांना हा सलामच उत्तर आहे. त्याच वेळी अल्जीरियात फ्रान्सविरुद्ध स्वातंत्र्याचा लढा पेटला होता, हे लक्षात घेतले की त्या निरागस चित्राचे वजन कळते. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात बार्थने हे विवेचन मांडले आणि आज जगभरच्या शाळांत दिसणारा अर्थ आणि सुचवला जाणारा अर्थ असा जो भेद शिकवतात, त्याला या उदाहरणाने बळ दिले.

जमैकात जन्मलेल्या स्टुअर्ट हॉल या अभ्यासकाने १९७३ मध्ये पुढचे पाऊल टाकले. पाठवणाऱ्याने घातलेला अर्थ घेणारा जसाच्या तसा घेईलच असे नाही. कोणी तो पूर्ण मान्य करतो, कोणी काही मान्य करून काही घासाघीस करतो, तर कोणी उलटाच अर्थ लावतो. घासाघीस हा शब्द व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. सांगितलेल्या भावाला माल घेणारा, भाव पाडून घेणारा आणि न घेताच निघून जाणारा, अशी तीन गिऱ्हाइके प्रत्येक दुकानात येतात. मुखपृष्ठासमोरही तीच तीन उभी असतात.

हाच प्रयोग दिवाळीच्या दिवेवालीवर करून पाहावा. दिसते ते असे: तरुण स्त्री, नऊवारी, दागिने, हातात पणती, मागे अंधार. सुचवले जाते ते असे: सणाचा प्रकाश घरात स्त्रीच्या हाताने येतो, ती सुंदर आणि प्रसन्न आहे, घर भरलेले आहे. अंक विकत घेणारे मध्यमवर्गीय कुटुंब स्वतःला तसे पाहू इच्छिते, म्हणून हे चित्र खपते. मान्य करणारी वाचक म्हणेल, 'किती मंगल.' घासाघीस करणारी म्हणेल, 'चित्र सुंदर आहे, पण दिवाळीच्या आदल्या रात्री चकल्या तळणारीच्या कपाळावरचा घाम यात नाही.' उलट वाचणारी विचारील, 'पणत्या घडवणाऱ्या कुंभारणीला पहिल्या पानावर जागा कधी मिळाली?' तिन्ही उत्तरांना गुण मिळू शकतात. प्रत्येकीने आपले म्हणणे चित्रातील पुराव्याला बांधले पाहिजे, एवढीच अट.

वजनात खोट

तराजूत खोट असेल तर वस्तू कितीही चांगली असो, व्यवहार खोटा ठरतो. 'नॅशनल जिओग्राफिक'ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी इजिप्तमधील गिझाच्या पिरॅमिडांचे छायाचित्र घेतले. मूळ छायाचित्र आडवे होते आणि मुखपृष्ठ उभे. ते बसवण्यासाठी संगणकाच्या साह्याने दोन पिरॅमिड एकमेकांजवळ आणले गेले. हजारो वर्षे जागचे न हललेले दगड कागदाच्या मापासाठी सरकवले गेले. यावर मोठा गदारोळ झाला. छायाचित्र म्हणजे साक्षीदार, आणि साक्षीदाराने जागा बदलली तर साक्षीचे मोल राहत नाही.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. जून १९९४ मध्ये अमेरिकेतील फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याच्यावर खुनाचा आरोप आला. पोलिसांनी काढलेले त्याचे एकच छायाचित्र 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात मुखपृष्ठावर छापले. 'न्यूजवीक'ने ते होते तसे ठेवले. 'टाइम'ने ते गडद केले. कातडी अधिक काळी, चेहरा अधिक भेसूर. दोन्ही अंक दुकानात शेजारी मांडले गेले आणि फरक कोणालाही दिसला. खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच रंगाने निकाल दिला होता. काळ्या रंगाला गुन्ह्याचा रंग मानणाऱ्या नजरेवर मग कडक टीका झाली आणि साप्ताहिकाला खुलासा करावा लागला. शेजारी शेजारी ठेवून तुलना करण्याला माध्यम-अभ्यासात एवढे महत्त्व का, ते या दोन अंकांवरून कळते. एकट्या अंकात खोट सापडली नसती. व्यापारीही नवे माप जुन्या मापाशेजारी ठेवूनच तपासतो.

खर्डीचे मुखपृष्ठ

आता हाच अभ्यास घराजवळ आणावा. समजा, मुंबईच्या एखाद्या नियतकालिकाने पाण्यावर विशेषांक काढला आणि मुखपृष्ठासाठी या परिसराचे छायाचित्र घ्यायचे ठरवले. कोणते छायाचित्र निवडले जाईल?

मुंबईचे पाणी या भागातून जाते. तानसा धरण १८९२ चे. वैतरणा आणि भातसा यांच्यावरील धरणे त्यानंतरची. पावसाळ्यात ही धरणे भरली की शहरातील वृत्तपत्रे त्यांची छायाचित्रे आवर्जून छापतात. दरवाजांतून फेसाळत झेपावणारे पाणी, हिरवे डोंगर, ढग. अशा मुखपृष्ठावर 'चिंता मिटली' असा मथळा शोभून दिसेल आणि त्यातला प्रत्येक थेंब खरा असेल.

पण त्याच शहापूर तालुक्यातील गावे आणि पाडे उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसतात. विहिरीचा तळ खरवडून हंडा भरणाऱ्या बायका, डोक्यावर दोन हंडे आणि बोटाशी मूल, हे दृश्य तालुक्याला नवे नाही. धरणाच्या छायाचित्रात ते खोटे पाडलेले नाही; चौकटीबाहेर ठेवलेले आहे. 'चिंता मिटली' या मथळ्यात कोणाची चिंता, हा शब्द गाळलेला आहे. मुखपृष्ठाचे सर्वांत मोठे सामर्थ्य येथे दिसते. असत्य न बोलताही ते सत्याची वाटणी करू शकते.

शाळेत वाण्याची मुलगी आणि पाड्यावरची मुलगी एकाच बाकावर बसतात. एकीच्या घरी नळाला कमी दाबाने का होईना पाणी येते, दुसरीने सकाळी हंडा वाहिलेला असतो. शिक्षकांनी दोघींना मिळून 'आमचे गाव' या नावाच्या मासिकाचे मुखपृष्ठ करायला सांगितले, तर पहिला वाद चित्रावर होईल. धरण घ्यायचे, भातलावणी घ्यायची, स्टेशन घ्यायचे की टँकर? तो वाद हाच खरा अभ्यास आहे. कोणते चित्र सुंदर, यावर तो सुरू होईल आणि गाव कोणाचे, यावर येऊन थांबेल. वर्गातल्या दोन मुलींना हा प्रश्न एकमेकींसमोर मांडता आला, तर त्या उपक्रमाने गुणपत्रिकेपेक्षा मोठे काम केले.

घरच्या मासिकाचे पहिले पान

दुसऱ्यांची पाने तपासल्यावर घरचे पान तपासण्याचे टाळणे बरे दिसत नाही. समाजाच्या आणि ज्ञातीच्या मासिकांत मुखपृष्ठाचा व्यवहार सर्वांना माहीत असतो. आवरणाची चार पाने. पहिले मुखपृष्ठ, आतले दुसरे आणि तिसरे, आणि शेवटचे मलपृष्ठ. आतल्या पानांपेक्षा या पानांचा जाहिरातदर चढा असतो. त्यातून अंकाचा खर्च निघतो आणि त्यात गैर काहीच नाही. प्रश्न उभा राहतो तो पहिल्या पानाचा. त्यावर एखाद्या दात्याचे छायाचित्र आले, तर ती वार्ता आहे, कृतज्ञता आहे की पावती? वाचकाला हे कळण्याचा हक्क आहे. जाहिरात आणि मजकूर वेगवेगळे ओळखू यावेत, हा भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेचाही दंडक आहे.

ताळेबंद वाचणाऱ्याला सवय असते: जमेची बाजू पाहून तो थांबत नाही, दुसरी बाजूही पाहतो. वर्षभराची बारा मुखपृष्ठे जमिनीवर मांडून मुलांनी मोजावे. पुरुष किती, स्त्रिया किती? वृद्ध किती, तरुण किती? पेढीचे मालक किती, पेढीवर राबणारे किती? पाडे आणि गाव यांतील दुकाने चालवणाऱ्या सुना, मुली कितींदा दिसल्या? ही मोजणी करायला पदवी लागत नाही. आकडे काय सांगतील ते सांगोत. ज्या घरात मुले असे मोजतात, त्या घरातील वडीलधाऱ्यांना पुढच्या अंकाच्या बैठकीत उत्तरे द्यावी लागतील, आणि ते चांगलेच आहे.

उत्तरपत्रिकेतील चुका

विद्यार्थ्यांच्या उत्तरांत तीन दोष वारंवार आढळतात. पहिला दोष वर्णनावर थांबण्याचा. 'मुखपृष्ठावर एक मुलगी आहे, तिने निळा पोशाख घातला आहे' येथे उत्तर संपले, तर ते मालाची यादी झाले. भाव लागला नाही. निळा का, आणि त्याने वाचकावर काय परिणाम व्हावा अशी अपेक्षा आहे, येथपर्यंत जायला हवे.

दुसरा दोष 'आकर्षक' या शब्दाचा. प्रत्येक मुखपृष्ठ आकर्षक असते. नसते तर ते छापलेच नसते. कोणाला आकर्षक, कोणत्या घटकामुळे आणि कशाकडे खेचणारे, हे सांगितले नाही तर तो शब्द न वटलेल्या धनादेशासारखा परत येतो.

तिसरा दोष पुराव्याविना निष्कर्षाचा. 'हे मुखपृष्ठ स्त्रियांचा अपमान करते' असे एक वाक्य लिहून मोकळे होणारे विद्यार्थी असतात. विधान खरेही असेल. परंतु नजर, उभे राहण्याची ढब, मथळ्यातील शब्द, मांडणीतील जागा यांपैकी कशावरून ते काढले, हे दाखवल्याशिवाय ते मत राहते, विश्लेषण होत नाही. व्हाउचरवाचून नोंद करू नये, हा पेढीचा नियम येथेही लागू आहे.

चांगल्या उत्तराचा क्रम साधा आहे. आधी नियतकालिकाचे नाव, अंक, किंमत आणि संभाव्य वाचक. मग नाममुद्रा, मुख्य चित्र, मथळे, रंग आणि मांडणी, एकेक घटक त्याच्या परिणामासह. मग या सर्वांतून जगाचे कोणते चित्र उभे राहते. त्यानंतर काय गाळले आहे. शेवटी दुसऱ्या एखाद्या मुखपृष्ठाशी तुलना. दोनशे शब्दांतही एवढे बसते. मात्र लिहिण्याआधी ते पान निदान दहा मिनिटे हातात धरून पाहिलेले असावे लागते.

दहा मिनिटे एका पानाकडे पाहणे आज अवघड झाले आहे. मोबाइलच्या पडद्यावर प्रत्येक चित्र अंगठ्याच्या एका हालचालीने सरकून जाते, आणि तेथील प्रत्येक चित्रही एक मुखपृष्ठच असते: कोणी तरी निवडलेले, कापलेले, उजळलेले, कोणाला तरी काही तरी विकण्यासाठी पुढे केलेले. कागदावरच्या मुखपृष्ठावर डोळा बसला, की तो पडद्यावरही उपयोगी पडतो. उधारीवर माल मागणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकाचा चेहरा वाचणारे आजोबा आणि फसव्या जाहिरातीचे चित्र वाचणारी नात यांचे कसब एकाच जातीचे आहे.

खर्डीतील दुकानांत पुड्यांची जागा आता पिशव्यांनी घेतली आहे आणि रद्दीचे गठ्ठे पूर्वीसारखे सुटत नाहीत. तरी माळ्यावर कोठे तरी जुना दिवाळी अंक असतोच. तो खाली काढावा, धूळ झटकावी, आणि पान उलटण्याआधी घरातल्या मुलाला विचारावे: यात कोण दिसते आहे, आणि कोण दिसत नाही?